उलटे ब्रश

आईचा अंगठा रिमोटवर तयार होता. पडद्यावर पांढरी गाडी वळणावर आली, तसं तिनं बटण दाबलं आणि सिनेमा झरझर पुढे पळाला. थांबला तेव्हा त्यातली पोरगी हॉस्पिटलमधून घरी आलेली होती.

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पंधरा वर्षांची लेक गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अपघातात सापडल्यापासून तिचं बोलणं म्हणजे ‘हं’, ‘नको’ आणि ‘माहीत नाही’. तिच्या चित्रांचं तर घरात कुणी नावही काढायचं नाही.

सिनेमा मावशीनं सुचवलेला. “अगदी आपल्या पिल्लासारखीच आहे गं मुलगी. चित्रं काढून काढून बरी होते. दाखवच तिला.” आईनं तो आधी एकटीनं बघून घेतला होता, गाडीचा प्रसंग कुठे येतो ते हेरून ठेवलं होतं. तरी जीव टांगणीला होताच. ती सिनेमा कमी आणि लेकीला जास्त बघत होती. नखं खातेय का? उठून गेली तर मागोमाग जायचं, की नाही जायचं?

पडद्यावरच्या पोरीनं भला मोठा कॅनव्हास लावला. मागे व्हायोलिन सुरू झालं. तिनं निळा फासला, पिवळा फासला, डोळे पुसले आणि ब्रश पाण्याच्या बरणीत सोडला.

“शी!” लेक म्हणाली.

आईचा अंगठा पुन्हा बटणावर गेला. “बंद करू का?”

“अगं, बघ ना तिला! ब्रश उलटा ठेवलाय. केसांवर उभा! वाकडे होतात केस, वाट लागते ब्रशची. एवढी मोठी चित्रकार म्हणे, आणि एवढं कळत नाही?”

एका दमात इतकी वाक्यं. मग एकदम काहीतरी आठवून आईनं जीभ चावली.

लेक तिच्याकडेच बघत होती. “आई. माझे कुठायत?”

“तुझ्या कपाटात. वरच्या खणात. मी धुऊन...”

लेक उठून आत गेली. कपाट करकरलं. मग आतून आवाज आला, भांडखोर, खणखणीत, कित्येक दिवसांत घरानं न ऐकलेला.

“आई! हे काय करून ठेवलंयस? सगळेच्या सगळे उलटे! कपात!”

“मला काय माहीत! म्हटलं, पाणी निथळेल...”

“चमचे आहेत का हे निथळत ठेवायला? हा बघ, पार झोपलाय! माझा बारका, पापण्या काढायचा! कुणी सांगितलं होतं हात लावायला?”

“कुणी नाही,” आई म्हणाली. तिला हसू येत होतं आणि नाक वाहत होतं. ओरड, बाई. अजून ओरड.

बेसिनचा नळ सुरू झाला. साबणाची डबी खाली पडली, तिच्यावरही लेक चिडली. बाहेर व्हायोलिन एकटंच वाजत होतं.

लेक परत आली ती ओल्या ब्रशचे केस दोन बोटांनी ओढून टोक काढत. या वेळी ती आईला खेटून बसली.

“काय झालं मग तिचं?”

“बरी झाली.”

“इतक्यात?”

लेकीनं ब्रश दिव्यासमोर धरून बघितला. टोक अजून जरा वाकडंच होतं.

“मागे घे,” ती म्हणाली. “मघाशी पळवलंस ना, तिथपासून.”

“गाडीचं होतं गं ते.”

“माहीतेय. घे.” मग थंड पावलं आईच्या मांडीखाली खुपसत ती म्हणाली, “आवाज मात्र कमी ठेव.”