सुतळीची गाठ

“ही बाई एकाच फोटोपुढे किती वेळ उभी राहणार?” मागून कोणीतरी कुरकुरलं. हौसा हलली नाही. फोटोत गाढी नदीकाठची पाणकोंबडी अंड्यांवर बसली होती. माणसाची चाहूल लागली की नाहीसं होणारं ते लाजरं पाखरू. वकीलसाहेबांनी काढलेल्या त्या फोटोला मुंबईत पदक मिळालं, म्हणून त्यांनी तो पनवेलच्या वाचनालयात मांडला होता. घरटं दाखवणाऱ्या हौसाला आणि तिच्या नवऱ्याला, काशिरामला, आवर्जून बोलावलं होतं. चहासुद्धा चांगल्या कपबशीतून दिला होता.

फोटोच्या कडेला, घरट्यावरचे लव्हाळे मागे ओढून सुतळीने बांधलेले दिसत होते. उजेड पडावा म्हणून. गाठ हौसाचीच होती, जाळं विणताना मारतात तशी.

“चल आता,” काशिराम पुटपुटला. “साहेबांचा मान हाय आज.”

तेवढ्यात फोटो बघायला आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी कौतुकाने विचारलं, “मग पिल्लं निघाली का हो?”

वकीलसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. काशिरामने मान खाली घातली.

हौसाने कपबशी फोटोखालच्या टेबलावर आपटली.

“नाय निघाली. मी गाठ सोडाया गेले, तर साहेब बोलले, ऱ्हाऊ दे, उद्या आणखी एक फोटो काढू. उद्यापर्यंत उघडी अंडी कावल्यांनी फोडली.” मग ती वकीलसाहेबांकडे वळली. “ती आपन दोघांनी मारली, साहेब.”