चतुराबाईंचा समुद्र

"लय गढूळ झालंय का रे?" खुर्चीतून चतुराबाईंनी विचारलं.

शेखरने नुसतीच मान हलवली. बाह्या वर सारून तो काचेच्या टाकीत हात घालून उभा होता. सकाळी स्वच्छ असलेलं पाणी आता तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं होतं. प्रवाळांनी अंग आक्रसून घेतलं होतं आणि दोन केशरी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. आईचा, म्हणजे चतुराबाईंचा, फोन आला तेव्हा तो अंबडच्या कारखान्यात मीटिंगमध्ये होता. "आईचं जरा बघायला हवं," असं साहेबाला सांगून तो निघाला. माशांचं बघायचंय म्हणाला असता, तर उद्यापासून टिंगल ठरलेली.

नाशिकात बसून समुद्र सांभाळायचा म्हणजे विकतचं दुखणं. मीठ वेगळं, पाणी फिल्टरचं, आणि ते दोन्ही बादलीत मोजून कालवायचं. उन्हाळ्यात पाणी तापू द्यायचं नाही. वीज गेली की धावत जाऊन बॅटरीवरचा पंप लावायचा. एवढं करून पुन्हा कधी काय बिनसेल याचा नेम नाही.

पण ही टाकी त्याने हौसेने आणली नव्हती. चतुराबाई पंचवटीत राहायच्या तेव्हा रोज नदीवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घाटाच्या पायऱ्या सुटल्या आणि त्या शेखरच्या फ्लॅटवर राहायला आल्या. तिथे दिवसभर भिंतीकडे बघत बसायच्या. मग शेखरने ठरवलं, आई नदीवर जाऊ शकत नाही ना, मासेच घरी आणू. गोड्या पाण्यातले मासे तिच्या अधू नजरेला दिसेनात, म्हणून हे समुद्रातले, भडक रंगाचे.

त्याची बायको रूपाली मालेगावच्या कॉलेजात शिकवायची आणि शनिवारी घरी यायची. आली की तिचं एकच पालुपद. "देऊन टाक ती टाकी. तुझं तोंड किती ओढलंय, बघ जरा आरशात."

"आईचा जीव आहे गं त्यात," शेखर म्हणायचा.

मागे एकदा पाणी नासण्याचं कारण सापडलंही होतं. खडकामागे फुगलेली कणकेची गोळी निघाली, तेव्हा शेखरला हसूच आलं. जन्माची सवय, हात कसा राहील? त्याने आईजवळ बसून समजावलं, "हे नदीतले मासे नाहीत आई. कणकेनं यांचं पाणी नासतं."

"बरं बाबा," त्या म्हणाल्या होत्या. "नाय टाकणार."

मग खरंच पाणी निवळलं. प्रवाळ फुलले, मासे हुंदडू लागले, आणि शेखरच्या जिवाला जरा स्वस्थता आली. त्याच सुमारास कारखान्यात नवी लाइन सुरू झाली आणि तो तिकडे पुरता जुंपला गेला. घरी परतला की झाकून ठेवलेलं ताट एकटाच जेवायचा आणि आडवा व्हायचा.

आणि आज पुन्हा हे. त्याने बादल्या भरल्या, मीठ कालवलं, निम्मं पाणी बदललं. कंबर धरली. दोन दिवस रजा टाकण्यावाचून इलाज नव्हता. चतुराबाई मात्र खुर्ची पुढे ओढून, मल्हारीमामाच्या लग्नात वरातीचा घोडा कसा उधळला ते सांगत होत्या. शेखर हं हं करत होता. मग त्यांनी दुखऱ्या गुडघ्यांनी उठून बाजरीची भाकरी टाकली. दोघं टाकीसमोर बसूनच जेवले.

दुसऱ्या दिवशी एक मासा उलटा तरंगताना दिसला. चतुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "पाप लागलं रे मला," त्या पुटपुटल्या.

"तुला कसलं पाप? माझंच काहीतरी चुकतंय." शेखरला आता खरंच सहन होईना. "देऊन टाकू का ही टाकी, आई? मी पार थकलो बघ."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "नको रे. एवढं नको करू."

त्याने मिठाचं नवं पोतं आणलं, फिल्टर बदलला. रजा संपेपर्यंत पाणी पुन्हा नितळ झालं. एकटा उरलेला मासाही खाऊ लागला.

कामावर निघालेला शेखर पार्किंगमधूनच परत फिरला. स्कूटरची किल्ली वरच राहिली होती. त्याने हलकेच दार उघडलं. चतुराबाई टाकीपाशी उभ्या होत्या. एका हाताने काच धरून दुसऱ्या हाताने त्या पाण्यात कणकेच्या गोळ्या सोडत होत्या.

शेखरला वाटलं, वय झालं, आई विसरायला लागली. त्याने जवळ जाऊन तिचा पिठाळ हात हातात घेतला आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "आई, मागे सांगितलं होतं ना तुला? विसरलीस?"

"इसरल कशी?" चतुराबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "पाणी निवळलं का तू मी झोपल्यावर घरी येतो."