एकच मतभेद

सापळ्यातल्या प्रत्येक चित्रावर सरांनी यंत्राचीच री ओढली होती.

तिने स्क्रीन पुन्हा वरखाली करून पाहिली. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो बघून आजार ओळखणाऱ्या यंत्राचा हा अभ्यास. आकडेमोड तिच्याकडे. यंत्र बरोबर की चूक, हे ठरवणारे तज्ज्ञ म्हणजे सर, नेत्रविभागाचे प्रमुख. नियम साधा होता. सरांनी आधी चित्र पाहून आपलं मत नोंदवायचं, यंत्राचं उत्तर तोवर झाकलेलं. काल तिने मुद्दाम काही चित्रांवरची यंत्राची उत्तरं उलटी केली होती. खराब डोळ्यावर हिरवी पट्टी, ठणठणीत डोळ्यावर लाल. सरांनी हिरव्याला निरोगी म्हटलं आणि लालला आजारी. म्हणजे ते आधी उत्तर उघडून बघत होते. विभागप्रमुखाला कुठलं कुलूप अडवणार? परीक्षकच विद्यार्थ्याच्या पेपरात डोकावून गुण देत होता.

खरं तर संशय तिला आधीपासूनच होता. दोन डॉक्टरांचं चहात साखर किती घालावी यावरही एकमत होत नाही, आणि इथे डॉक्टर आणि यंत्र सख्ख्या भावंडांपेक्षा गुण्यागोविंदाने नांदत होते. त्यात सरांचं वागणं बदललेलं. स्वतःची गाडी सोडून ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या गाडीतून यायला लागले होते. तिने कागद पुढे केला की म्हणायचे, "तूच वाच, मी ऐकतो." बोलताना नजरेला नजर देत नसत, तिच्या कानापाशी कुठेतरी बघत बसत. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस कुणाचं मीठ खातो आहे, ते तिला कळून चुकलं होतं.

आणि ती चिडली होती. हिशेब कसा तपासायचा, स्वतःच्या लाडक्या निष्कर्षावर सगळ्यात जास्त संशय कसा घ्यायचा, हे तिला याच माणसाने शिकवलं होतं. तिने अहवालावर सही केली की हे यंत्र अशा लहान दवाखान्यांत जाणार होतं, जिथे डोळ्यांचा डॉक्टरच नाही. हिरवी पट्टी दिसली की माणूस निर्धास्त घरी जाणार. पट्टी चुकली असेल तर त्याची दृष्टी मुकाट्याने जाणार, आणि कळेल तेव्हा वेळ टळून गेलेली असेल. ती लॅपटॉप घेऊन तडक सरांच्या खोलीत गेली.

खोलीतले सगळे दिवे लागलेले होते. सरांच्या स्क्रीनवर यंत्राची लाल पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती. झाकायचीही तसदी घेतली नव्हती.

"सर, कंपनीने तुम्हाला काय कबूल केलंय?" तिने उभ्या उभ्याच विचारलं.

"बस आधी."

"मला बसायचं नाही. यंत्राची उत्तरं मी उलटी केली होती. तुम्ही डोळे मिटून त्यांच्या मागे गेलात."

समोरच्या कपाकडे सरांनी हात नेला, तो कपाच्या थोडा बाजूला टेकला. सर गडबडलेत, म्हणजे चोर सापडला, असं तिला वाटलं. तिला आनंद मात्र झाला नाही.

"सगळ्या अभ्यासात तुमचा आणि यंत्राचा मतभेद एकदाच झालाय," ती म्हणाली. "पहिल्याच चित्राला. यंत्राने लाल दाखवलं, तुम्ही निरोगी म्हणालात. ते चित्र मी बाहेरच्या दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघांनी एका झटक्यात सांगितलं, पडद्याचा मधला भाग पार गेलाय. दिसायला बरं दिसावं म्हणून एक मतभेद ठेवलात, आणि तोही खोटा? निदान तिथे तरी खरं लिहायचंत."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिला वाटलं, आता सारवासारव सुरू होणार.

"कॅमेरा नवा आला तेव्हा तो चालतो की नाही बघायला कुणाचा तरी डोळा हवा होता," ते म्हणाले. "मी माझा पुढे केला. ते चित्र नंतर अभ्यासातून काढायचं राहून गेलं. पहिलं चित्र माझं, हे मला ठाऊक होतं. खराब आहे असं लिहायला हात धजावेना."

ती खुर्चीत बसली. काय विचारायचं ते तिला चांगलं कळत होतं, आणि विचारूच नये असंही वाटत होतं.

"आणि बाकीची चित्रं, सर?"

"बाकीची मला दिसतच नाहीत गं."