कळण्याची भाकरी

साड्यांना लेस लावायचं काम वर्षाने अखेर सोडलं. पोरगी पाकिटातलं खाऊनच वाढली, ही टोचणी तिला स्वस्थ बसू देत नव्हती. पूजा कॉलेजात गेली तेव्हा कुठे नवागामच्या खोलीतले डबे ज्वारी, उडीद, तूरडाळ, शेंगदाणे, गुळाने भरले. पहिल्याच संध्याकाळी तिने ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी केली.

"मम्मी, एकदम शेजारच्या पार्वतीकाकूंसारखी झाली!"

"त्यांच्याकडे कधी खाल्लीस?"

"लहानपणी रोजच. तू कामावर असायची ना." पूजाने आणखी एक तुकडा मोडला. "थापायलाही त्यांनीच शिकवलं मला."

उद्यापासून लेकीला भाकरी शिकवायची, असं ठरवून बसलेली वर्षा एवढंच म्हणाली, "अजून घे."