खाली ठेवलेला फिंजान

“बाबांना शुक्रवारचा लेख वाचून दाखवला,” लमीस म्हणाली, आणि डेस्मंड पाइकच्या हातातल्या गोदामाच्या किल्ल्या खाली पडल्या.

“सगळा?”

“सगळाच. दर आठवड्याला वाचते मी. इंग्रजीतलं अरबीत करून सांगते. तुम्हाला ठाऊक नव्हतं, काका?”

ठाऊक नव्हतं. चोवीस वर्षं तो जॉर्डनच्या अकाबा बंदरात होता. लमीसचे वडील अबू नवाफ यांच्या पेढीत जहाजांना सामान पुरवायचं काम बघायचा, आणि आठवड्यातून एकदा परदेशस्थांच्या एका इंग्रजी साप्ताहिकात मतं मांडायचा. कुठली सामुद्रधुनी बंद पडणार, मालाची भाडी का चढली, वॉशिंग्टनवाल्यांचं काय चुकलं, विमानात शिळा पाव का देतात आणि आपल्याला नेमकी मधलीच जागा कशी मिळते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेवटी न चुकता एक उसासा: पुढच्या उन्हाळ्याआधी मी घरी. या किनाऱ्यावरचे सगळे गोरे असंच लिहितात. जात कुणीच नाही.

डेस्मंडचं घर म्हणजे गोदामावरच्या दोन खोल्या, समोर समुद्र आणि मासळीच्या वासावर जमणारी चार मांजरं. इंग्लंडात एक चुलत बहीण होती. तो केव्हाच मेला असा तिचा समज होता. अकाबा सोडायची वेळ आली असती तर तिचा समज खरा ठरला असता.

शुक्रवारी मात्र त्याची लेखणी जरा घसरली होती. ‘आमचे मालक भले आहेत,’ त्याने लिहिलं होतं, ‘पण जायचं नाव काढलं की कॉफी मागवतात. तिसऱ्या पेल्याआधी इथे कामाची गोष्ट निघत नाही. मी पाहुणा आहे की कैदी, हे मला अजून कळलेलं नाही.’

आणि राहण्याचा परवाना आज संपत होता.

दर वर्षी लमीस कागद तयार करायची, अबू नवाफ मुदतीच्या दोन दिवस आधीच सही करायचे. डेस्मंडला तोंड उघडावं लागायचं नाही. यंदा कागद आणि पासपोर्ट महिन्याभरापूर्वी पेढीच्या वरच्या मजल्यावर, अबू नवाफच्या बैठकीत गेले होते, ते तिथेच राहिले.

“बाबा काही म्हणाले?”

“नाही.” लमीसने नजर चुकवली. “वर बैठकीत बोलावलंय तुम्हाला. सगळे जमलेत.”

सगळे म्हणजे घराण्यातले सहा म्हातारे. सोमवारी सकाळी ते असे भिंतीला टेकून बसलेले डेस्मंडने कधी पाहिले नव्हते. लग्न, मयत किंवा भांडण, एवढ्याचसाठी ते जमत.

“बैस, मिस्टर देस,” अबू नवाफ म्हणाले. हसले नाहीत. “चोवीस वर्षं एका ताटात जेवलो आपण.”

“हो, अबू नवाफ.”

“आणि माणूस मनातलं मला सांगत नाही. परक्यांच्या पेपरात छापतो. कैदी म्हणे. तो शब्द मी पोरीकडून दोनदा वाचून घेतला.”

एका म्हाताऱ्याने जपमाळ थांबवली. थट्टा होती, असं डेस्मंडला म्हणता आलं असतं. पण छापलेला शब्द त्याने जन्मात मागे घेतला नव्हता, आणि तो मोठेपणा त्याला आत्ताही सोडवेना.

“माझं चुकलं,” तो एवढंच म्हणाला.

“चूक कुणाची ते लोक ठरवतील. पेपर तर साऱ्या किनाऱ्यावर जातो.”

अबू नवाफचा चुलतभाऊ सालेम कॉफी घेऊन आला. फिंजानच्या, त्या बिनकानाच्या चिमुकल्या पेल्याच्या तळाशी घोटभर, वेलदोड्याच्या वासाची. डेस्मंडने तो घेतला आणि त्याला वाट सुचली. तोंडाने मागणं त्याला जमणार नव्हतं. इंग्रज माणूस पायऱ्यांवरून पडेल पण आधार मागणार नाही. पण इथली रीत त्याला पाठ होती, तिच्यावर त्याने एक लेखही लिहिला होता. त्याने कॉफीला ओठ न लावता फिंजान समोर ठेवला.

साही म्हातारे पुढे सरकले. पाहुण्याने न पिता फिंजान ठेवला म्हणजे त्याचं काही मागणं आहे. ते पुरं झाल्याशिवाय तो पिणार नाही, आणि तो तसाच उठून गेला तर यजमानाला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

“बोलू नकोस,” अबू नवाफ पटकन म्हणाले. “तुझ्यासारख्याला तोंडाने मागावं लागलं, तर आमच्या दाढीला काय अर्थ? मला ठाऊक आहे तुला काय हवंय. पी. दिलं.”

“दिलं!” साही म्हातारे एकसुरात म्हणाले. सहा साक्षीदार. आता शब्द फिरणार नव्हता.

डेस्मंडने एका घोटात फिंजान रिकामा केला. इतकी गोड कडू कॉफी तो आयुष्यात प्याला नव्हता. त्याला शरमही वाटली आणि आनंदही झाला. असल्या माणसाबद्दल आपण काय काय लिहिलं!

अबू नवाफनी टेकायच्या उशीखालून लिफाफा काढून त्याच्या हातात दिला आणि त्याला घट्ट मिठी मारली. म्हाताऱ्याचे खांदे हलत होते. मग बाकीचे एकेक करून उठले, गालाला गाल लावून गेले. सालेमने तर त्याचं कपाळ चुंबलं. परवान्याच्या सहीला एवढं? पण डेस्मंडचेही डोळे भरून आले होते.

त्याने लिफाफा उघडला. पासपोर्ट होता. आत परवान्याच्या पानावर आजच्या तारखेचा ताजा शिक्का होता: रद्द, धारकाच्या इच्छेवरून. त्याला टाचलेलं संध्याकाळचं तिकीट होतं. लंडन, फक्त जाण्याचं.

“खिडकीजवळची जागा घ्यायला लावली पोरीला,” अबू नवाफ डोळे पुसत म्हणाले. “तू लिहिलं होतंस ना.”