शाबूत काच

सोनपेठजवळ हायवेचा भराव पेलणारी भिंत तडकली, तेव्हा इंजिनिअर साधना मॅडमनी तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली आणि राखणदार मल्हारीला बजावलं, "मामा, ही काच फुटता कामा नये!"

मल्हारीनं ती तळहातावरच्या फोडासारखी जपली.

तीन महिन्यांनी मॅडम आल्या आणि बघून खूश झाल्या. "काच शाबूत, म्हणजे भिंत तसूभरही सरकली नाही. उद्यापासून वरून एसटी सुरू! मामा, ही तुमच्या घरच्या देवांचीच कृपा."

नजर चुकवत मल्हारी पुटपुटला,

"देवाचं नाव नका घेऊ मॅडम. आमच्या एका बी देवाच्या फोटोला आता काच ऱ्हायली न्हाई."