तोंडातला बर्फ

"थुंकू नकोस बर्फ!" भरल्या तोंडाने मी क्लावाला दटावलं. तोंडात बर्फ धरला की श्वासाची वाफ दिसत नाही, हे आम्हा नेमबाज मुलींना पहिल्याच दिवशी शिकवलेलं. समोरच्या गिरणीतला जर्मन नेमबाज त्या वाफेचीच वाट बघत होता. सकाळी त्याची गोळी क्लावाच्या मांडीत घुसली, तेव्हापासून आम्ही दोघी या खड्ड्यात अडकलो होतो. अंधार पडल्याशिवाय सुटका नव्हती.

"दात ठणकतायत गं माझे."

"ठणकू देत. गप पड."

तिच्या तोंडातला बर्फ विरघळला की मी नवा कोंबायचे. ती मला शिव्या घालायची, आणि मला बरं वाटायचं. दिवसभर हेच चाललं.

ऊन कललं तेव्हा लक्षात आलं, शिव्या थांबल्या होत्या. मघाशी तिच्या तोंडात भरलेला बर्फ होता तसाच होता.

मी तो बोटाने उकरून काढला, माझा थुंकून टाकला आणि तिला गदागदा हलवलं. "क्लावा, श्वास सोड! दिसली वाफ तर दिसू दे त्याला!"

वाफ उठली, पण ती माझ्याच तोंडातून.